पावइंच काकूंनी शिवलेलं पाकीट

माझ्या सासूबाईंना आमच्या गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. त्या सगळ्यांच्या पावइंच काकू. गिऱ्हाईक पँट घेऊन आलं की त्या त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर उभं करतात, स्वतः खाली बसतात, पायाशी दोन टाचण्या लावतात, मान तिरकी करून बघतात आणि म्हणतात, "अजून पाव इंच घेऊ या." गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या हो, ठीक आहे. त्या ऐकत नाहीत. आणि ते पाव इंच घेतल्यावर तोच माणूस आरशासमोर असा उभा राहतो की जणू आत्ताच कुणीतरी त्याला बढती दिली आहे.

सासूबाई नवीन काही शिवत नाहीत. फक्त दुरुस्ती. उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, फाटलं तर रफू. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मोठ्या हौसेनं एक कापड आणलं आणि म्हटलं, "आई, मला एक ड्रेस शिवून द्या ना." त्यांनी कापड हातात घेतलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाल्या, "नवीन शिवणारे खूप आहेत. ते कापडाकडे बघतात. मी माणसाकडे बघते. तू तयार ड्रेस आण, तो मी तुझा करून देते." मला तेव्हा राग आला होता. मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकते.

त्यांची एक पद्धत मात्र मी दुसऱ्या कुठल्याही शिंप्याकडे पाहिली नाही. पँटची उंची कमी केल्यावर जो तुकडा खाली उरतो, तो त्या टाकत नाहीत. त्याची गुंडाळी करायची, आतल्या बाजूला गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचणीनं लावायची आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवायची. फिकट कापडाला टाचणीचा गंज लागतो, म्हणून त्याची चिठ्ठी दोन कच्च्या टाक्यांनी शिवायची. पुढे कधी तीच पँट गुडघ्याला फाटली तर जोडायला तेच कापड हाताशी असतं. अशा तीन पेट्या आहेत. सगळ्या गल्लीचे पाय आमच्या पलंगाखाली आहेत म्हणा ना.

चिठ्ठीवर नुसतं नाव नसतं. 'उजवा खांदा उतरता.' 'पोट वाढतंय, पुढच्या वेळी जागा ठेवणे.' असं काय काय असतं. पण तोंडानं त्या हे कुणाला सांगायच्या नाहीत. एखाद्याची कंबर दोन इंचांनी वाढली तरी गंभीर चेहऱ्यानं म्हणणार, "कापड आटलंय हो. हल्लीचं कापडच तसलं." गिऱ्हाईक खूश होऊन, कापड गिरणीला चार शिव्या घालून घरी जातं. मी एकदा एक चिठ्ठी वाचायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर टेपच मारली. "माणसाचं माप ही झाकली मूठ असते. ती उघडायची नाही."

आता सासऱ्यांकडे वळते. ते तेहतीस वर्षं बस चालवत होते. निवृत्त झाल्यावरही रोज दुपारी चारला डेपोसमोरच्या चहाच्या दुकानात जायचे. तिथे बाहेर एक लांब बाक आहे. त्यावर चौघं बसत. सासरे, वीस वर्षं त्यांच्याच बसवर असलेले कंडक्टर, आमच्या भागाचे पोस्टमन आणि शाळेतले मास्तर. सगळे निवृत्त. काम एकच, चहा पिणं आणि भांडणं. चहाच्या बाबतीत सासऱ्यांचा शब्द शेवटचा. नुसत्या वासावरून ते सांगत, आज पत्ती उशिरा टाकली, आज आलं जून आहे. चहावाली त्यांना घाबरून असायची.

मग त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, फिरा, हिंडा, मजा करा, फक्त चहा बंद. त्याऐवजी पुदिन्याच्या आणि सुकवलेल्या फुलांच्या टी-बॅगा दिल्या. गरम पाण्यात बुडवायच्या आणि प्यायचं. सासरे पहिल्या दिवशी ते पिऊन म्हणाले, "हे पाणी कुणीतरी बागेतून उचलून आणलंय." पण घेऊ लागले.

एक दिवस औषधाच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत टी-बॅगांचा खोका घालून ते बाकावर गेले. अर्ध्या तासात परत आले आणि त्यानंतर जायचेच थांबले. कंडक्टरकाका दोनदा बोलवायला आले. दोन्ही वेळा सासरे आतल्या खोलीत चक्क जागे, आणि मी दारात उभी राहून सांगते आहे की झोपलेत. मला खोटं बोलायला आवडत नाही. त्यातून त्या माणसाचा चेहरा असा पडला की मला स्वतःचीच लाज वाटली.

काय झालं होतं ते पुढे कधीतरी त्यांनी सासूबाईंना सांगितलं. मी भाजी चिरत होते, कान तिकडेच होते. ते म्हणाले, "मी पिशवी काढली आणि सगळे गप्प झाले. पोस्टमन म्हणाला, जप हो. आणि मास्तरांनी रुमालानं बाक पुसून मला जागा करून दिली. बाक पुसला माझ्यासाठी! तीस वर्षांत कधी पुसला नव्हता."

सासूबाईंनी दातानं दोरा तोडला आणि सुईत नवा ओवला.

अकरा आठवडे ते घरात बसले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं झालं. माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. मीठ कुठे गेलं ते मला दोन दिवस सापडेना. मी कणीक मळायला लागले की खुर्चीतून सूचना सुरू, "पाणी बेतानं. बेतानं." स्टिअरिंगशिवाय आयुष्यात दुसरं काही हातात न धरलेला माणूस! मी वैतागून परात आपटायची. पण खरं सांगते, चार वाजले की माझा राग पळून जायचा. ते खिडकीत जाऊन उभे राहायचे आणि डेपोच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला की हळूच म्हणायचे, "सात नंबर. आज नऊ मिनिटं लेट." तेव्हा ते मला एकदम म्हातारे वाटायचे, आणि ते बघवायचं नाही.

सासूबाईंनाही बघवत नव्हतं. एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "अगं, ह्यांना चहा बंद झाल्याचं दुःख नाही. ती पिशवी काढायची लाज वाटते. पेशंटची पिशवी आहे ना ती. पाकीट पाहिजे. शर्टाच्या खिशात मावेल असं. पुरुष माणसानं काढलं तर कुणी वळून बघू नये असं."

"मग आणू या बाजारातून," मी म्हटलं.

"असलं मिळत नाही." त्यांनी एक टी-बॅग मशीनवर ठेवली आणि गळ्यातली टेप काढली. "मी शिवते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ज्या बाईनं मला ड्रेस शिवून दिला नाही, ती आता नवीन वस्तू शिवायला निघाली होती. त्यांनी टी-बॅगचं माप गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं घेतलं. रुंदी, उंची, आणि बाजूनं धरून जाडीसुद्धा. ती बिचारी स्टुलावर उभी राहू शकत नव्हती, एवढंच.

पहिलं पाकीट दुपारपर्यंत झालं. शिलाई अशी की सुतासारखी सरळ. टी-बॅग आत गेली, खिशात अगदी अंगाबरोबर बसली. सासूबाई खूश. मग बाहेर काढायला गेल्या तर येईना. ओढली तर फाटली आणि सगळा पुदिना मशीनवर. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे अंगाबरोबर आणत आलेल्या बाईला सैल ठेवायची सवयच नव्हती. मी हसायला लागले, थांबता येईना. त्याही हसल्या. "बघ, सवय कुठे नडते ते! हिला पाव इंच द्यायला पाहिजे, मी घेऊन बसले."

दुसऱ्या वेळी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. बराच वेळ गुंडाळ्या उलटसुलट केल्या आणि चार बाजूला काढल्या. कंडक्टरकाकांच्या पँटचं गडद निळं कापड, पोस्टमनकाकांचं राखाडी, सासऱ्यांचं तपकिरी आणि मास्तरांचं बिस्किटाच्या रंगाचं. मी विचारलं, ह्यांचंच का? म्हणाल्या, "ह्यांनी एकट्यानं हे खिशात घेऊन बसायला नको. ते तिघंही असू देत बरोबर."

बाहेरून निळं, आतून राखाडी अस्तर, मध्ये कडक राहावं म्हणून बकरम. पुस्तकासारखं उघडायचं. एका बाजूला तपकिरी खिसा, दुसऱ्या बाजूला बिस्किटी, प्रत्येकात दोन टी-बॅगा. बंद करायला एक टिचबटण. बंद केलं की तळहाताएवढं. टिचबटण लावून त्यांनी ते तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. टिच, टिच. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, ही बाई चाळीस वर्षं उगाच दुसऱ्यांच्या पँटी धरून बसली.

सासऱ्यांना पाकीट दिलं तर त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, शिलाईवरून अंगठा फिरवला. आवडलं होतं, पण कबूल करतील ते सासरे कसले!

"मला काय करायचंय हे? मी कुठे जात नाही."

"नका जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "मास्तरांची पँट तयार आहे तेवढी बाकावर देऊन या. माझ्या हातात काम आहे. देऊन लगेच परत या. थांबू नका."

"थांबतोय कोण?"

"तेच म्हणते. आणि ते पाकीट असू दे खिशात. चहा थोडाच घ्यायचाय तुम्हाला!"

आणि मला डोळ्यांनी खूण झाली. मला अचानक पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आणायची होती, आणि दुकान अर्थातच डेपोकडेच होतं. आम्ही निघालो. सासरे पँटची पिशवी छातीशी धरून चालत होते, परीक्षेला निघाल्यासारखे.

बाकावर तिघं होते. आम्हाला बघून बोलणं थांबलं. कंडक्टरकाका उठून उभे राहिले. पोस्टमनकाका म्हणाले, "ये ये, बस, दमला असशील." आणि मास्तरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. मला तो रुमाल हिसकावून घ्यावासा वाटला. सासऱ्यांनी उभ्याउभ्याच पिशवी पुढे केली. "तुमची पँट. ही म्हणाली लगेच परत या. निघतो."

ते वळलेसुद्धा. संपलं, मी मनात म्हटलं. एवढ्यात कंडक्टरकाकांनी हात लांब करून त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या पाकिटाला बोट लावलं.

"थांब. हे कापड कुठून आलं?"

"कसलं कापड?"

"हे निळं. ही माझी पँट आहे!"

"तुझी पँट माझ्या खिशात कशी येईल? शुद्धीवर आहेस का?"

"अरे, थोरलीच्या लग्नात शिवलेली. पाव इंच, पाव इंच करत वहिनींनी दोन इंच कापली होती. काढ बघू बाहेर!"

पाकीट बाहेर आलं. टिच करून उघडलं. आता पोस्टमनकाका ओरडले, "आणि ही माझी! ही राखाडी माझी आहे! गुडघ्याला अजून तिचंच ठिगळ आहे." चहावालीसुद्धा गाळणी हातात घेऊन बाहेर आली. चार डोकी एका पाकिटावर वाकली. "हे तपकिरी?" "माझंच," सासरे म्हणाले. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. "आणि हे बिस्किटी मास्तरांचं. म्हणजे आपण चौघंही आहोत की यात!"

"आत काय आहे पण?" मास्तरांनी विचारलं.

"चहा," सासरे म्हणाले. थोडे घुटमळले. "माझा चहा." आणि दाखवायला म्हणून बिस्किटी खिशात बोटं घातली. एक टी-बॅग निघाली. दुसरीबरोबर एक कागद निघाला, बारीक घडीचा, कडेला कच्च्या टाक्याचा दोरा लोंबत असलेला.

सासूबाईंनी लांबचं बघायचा चष्मा लावून शिवायला घेतलं असणार. फिकट रंगावर फिकट चिठ्ठी, दिसलीच नाही. मी पुढे झाले, पण मास्तरांना शिकवायची सवय. कागद दिसला की उचलायचा आणि खणखणीत आवाजात वाचायचा. त्यांनी वाचला.

"'मास्तर. डावा पाय पाऊण इंच आखूड. कापताना लक्षात ठेवणे. त्यांना माहीत नाही. सांगायचं नाही.'"

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा त्यांना ते कळलं. चहावालीच्या गाळणीतून थेंब पडत होते, तेवढाच आवाज. मी सासऱ्यांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते. आता हा बाक कायमचा गेला, असं मला अगदी मनापासून वाटलं. मित्राचं व्यंग भर रस्त्यात वाचून घेतलं आपण.

मास्तर बाकावर बसले. दोन्ही पाय सरळ पुढे केले, टाचा जोडल्या आणि बघू लागले. सगळेच बघू लागले. डावा बूट खरोखरच मागे होता.

"बावीस वर्षं," मास्तर म्हणाले, "बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की तयार पँटी करणारे कारखानेवाले चोर आहेत, डावा पाय नेहमी लांब शिवतात. वहिनी तेवढ्या सरळ शिवतात." ते थांबले. "एका कारखान्याला मी पत्रसुद्धा लिहिलंय. कडक भाषेत."

"मीच टाकलं ते!" पोस्टमनकाका म्हणाले. "रजिस्टर केलं होतंत तुम्ही!"

पहिल्यांदा हसले ते मास्तरच. मग कंडक्टरकाका हसले, ते खोकला लागेपर्यंत. पोस्टमनकाका मांडी थोपटत होते. सासरे तोंड दाबून हसत होते, मग दाबणं सोडून दिलं. अकरा आठवड्यांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. डोळे पुसत मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, रुमाल खिशात कोंबला आणि म्हणाले, "उभा काय राहिलायस? माझा पाय आखूड, ह्याला ऐकू येत नाही, ह्याचे दात खोटे. तुझा चहा वेगळा. बस ना गपचूप. आणि तिकडे सरक, मला वारा लागू दे."

सासरे सरकले. बाक धुळीनं भरलेला होता, तसेच त्यावर बसले.

चहावालीनं न सांगता गरम पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्यात पुदिना बुडला. कंडक्टरकाकांनी त्यातला एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की पुन्हा सगळे हसले. मग सासऱ्यांनी मास्तरांच्या कपावर नाक नेलं आणि चहावालीला हाक मारली, "आज दूध आधी घातलंत?" ती जीभ चावून आत पळाली. मी रिळं न घेताच घरी आले.

सासूबाईंना चिठ्ठीचं सांगितलं तर त्या मटकन स्टुलावर बसल्या. "माझ्या हातून मूठ उघडली गं. काय तोंड दाखवू मास्तरांना?" मी सांगत होते की ते हसले, सगळे हसले. त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं माप फोडलं नव्हतं, आणि फोडलं ते असं. हातातल्या पँटची एकच दुमड त्यांनी तीनदा उसवली आणि तीनदा घातली.

सहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. पुढे मास्तर. ते सरळ आत आले, त्याच स्टुलाशी येऊन उभे राहिले आणि सासूबाईंनी घाईघाईनं रिकाम्या केलेल्या त्या स्टुलावर चढले.

"वहिनी, जरा बघा. पाऊणच आहे ना अजून? की वयाबरोबर इंच झालाय?"

सासूबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं. त्या खाली बसल्या, टेप लावली, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पाऊणच आहे. जरासुद्धा हललेला नाही."

"छान. आता पोस्टमनच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते सांगा."

"ते सांगायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या. डोळे पुसून, पण ठाम.

मास्तर खूश होऊन गेले. सासरे तोवर दारातच होते. आत आले, चपला काढल्या, पाकीट खिशातून काढून मशीनवर ठेवलं. रिकामं होतं. चारही टी-बॅगा संपल्या होत्या. ते बोलायला गेले तर आवाज बसलेला. घसा खाकरून झाला, तरी फुटेना.

सासूबाई घाबरल्या. "अहो, काय झालं? छाती का?"

"छाती कसली? भांडलो." ते कसेबसे म्हणाले. "नदीवरचा पूल आधी झाला की सात नंबर आधी सुरू झाली, यावर. कंडक्टर म्हणतो पूल आधी. त्याला काय कळतंय? बस मी चालवत होतो की तो?"

"मग? कोण जिंकलं?"

"अजून कुठे?" सासरे म्हणाले. "उद्या ठरेल."